माल उचलला म्हणजे चोरला नव्हे

नाव: सिबिल सॅम्युअल नवगावकर. वय: ६४ वर्षे. धंदा: निवृत्त, पूर्वी नर्सिंग होममध्ये वृद्धांच्या देखभालीचे काम. राहणार: स्कारबरो, टोरोंटो. मूळ गाव: रेवदंडा. दिनांक: शनिवार, ११ नोव्हेंबर २०१७, संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटे. जबाब मराठीत घेतला. दुभाषी: उमा दातार.

मी समक्ष पोलीस ठाण्यात, कुणी बोलावलेले नसताना, स्वतःहून हजर होऊन सांगते की मला इंग्रजी चांगलं येतं. तीस वर्षं इथे आहे. पण आज मी रागात आहे आणि रागात मला मराठीच सुधरते, म्हणून दुभाषी मागितली. उमाताईंना मी पूर्वी ओळखत नव्हते.

देवयानी शिरोडकर, वय २६, ही दोन वर्षांपासून माझ्या बेसमेंटमध्ये राहते. मूळची परभणीची. इथे कॉलेजचा डिप्लोमा केला, आता एका वेअरहाउसमध्ये नोकरी करते. सप्टेंबरात तिने पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, अप्लाय केलं आहे. तुमच्याकडे तिच्या नावावर एक ओळ जरी चढली तरी पुढे कोण काय विचारील सांगता येत नाही, म्हणून मी धावत आले आहे. हे आधी लिहून घ्या.

देवयानी व्हायोलिन वाजवते. 'केटल रोड' नावाचा तिचा बँड आहे, चार जणांचा, माझ्याच बेसमेंटात रविवारी प्रॅक्टिस करतात. आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या चाली घेतात आणि त्यावर ड्रम बडवत, घसा फोडून गातात. त्याला केल्टिक पंक म्हणतात. पहिल्या रविवारी मला वाटलं घर तापवणारा फर्नेस फुटला, मी झारा घेऊन खाली गेले होते. आता सवय झाली. खरं सांगायचं तर आवडतं.

मॉन्ट्रियलला अशाच गाण्यांचा एक बँड आहे, 'ले बोत मुये', म्हणजे ओले बूट. तक्रारदार ल्युक हा त्यांचा बॅगपाइपवाला. या दोन बँडनी मिळून एक तबकडी काढली आहे, जुन्या पद्धतीची, मोठी. एका बाजूला केटल, दुसऱ्या बाजूला बूट, शेवटचं गाणं दोघांचं एकत्र. उद्या रविवारी दुपारी तीन वाजता डॅनफोर्थवरच्या एका हॉलमध्ये ती लोकांपुढे यायची आहे.

ऑगस्टमध्ये या तबकडीवरून दोघांचं फाटलं होतं. पहिली बाजू कुणाची, दुसरी कुणाची. माझ्या किचनमध्ये बसून सहा धडधाकट माणसं, अंगभर टॅटू, लग्नातल्या व्याह्यांसारखी मानपानावर अडून बसली. त्यांना वरपक्ष-वधूपक्ष काय ठाऊक, पण रुसवा तोच. मी म्हटलं, ए बाजू, बी बाजू असं काही लिहू नका, एकीकडे किटलीचं चित्र काढा, एकीकडे बुटाचं. ते मान्य झालं. मग असंही ठरलं की तबकड्या तयार होऊन आल्या की स्कारबरोच्या स्टोरेजमध्ये भाड्याच्या खोलीत ठेवायच्या, किल्ली माझ्याकडे, आणि मला विचारल्याशिवाय कुठल्याही बँडने एकट्याने हात लावायचा नाही. ल्युकच म्हणाला, "मादाम सिबिलकडे किल्ली, मग मला चिंता नाही."

काल शुक्रवारी दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी स्टोरेजच्या ऑफिसातून मला फोन आला की वरचा पाइप गळतोय, तुमच्या खोलीत पाणी येईल, सामान हलवा. देवयानी तेव्हाच कामावरून आली होती, अजून बूट काढले नव्हते. मी किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, सगळा माल उचल आणि आपल्या बेसमेंटात आणून ठेव. ती म्हणाली, "मावशी, मॉन्ट्रियलवाल्यांना सांगायला पाहिजे, नाहीतर ते भडकतील." मी म्हटलं, ल्युकला मी कळवते, तू पळ. ती गेली. बारा खोके, तिच्या लहान गाडीतून तीन फेऱ्या.

मी साडेतीनला घरून निघाले. माझा भाऊ बोअझ बाथर्स्टला राहतो, शब्बाथला मी त्याच्याकडे असते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. माझ्या आजोबांचा घाणा बंद असायचा, माझा फोन बंद असतो. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत, ते शनिवारी तारे दिसेपर्यंत. देवयानीला हे पक्कं ठाऊक आहे. बोअझकडे पोचले तेव्हा वहिनी एलिझा मासे तळत होती, मी कोथिंबीर निवडायला बसले, मेणबत्त्यांची वेळ झाली, साडेचारला मी फोन बंद करून कपाटात ठेवला.

इथे उमाताईंनी आधी "ल्युकला कळवायचे राहून गेले" असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. राहून बिहून काही गेलं नाही. मी कळवते म्हणाले आणि मी कळवलं नाही. असंच लिहा.

४ वाजून ४२ मिनिटांनी, सूर्य अजून मावळला नव्हता म्हणून, देवयानीने मला मेसेज केला: "मावशी, सगळा माल उचलला. मॉन्ट्रियलवाल्यांना अजून पत्ता नाही, तुम्ही बघा." तो माझ्या बंद फोनवर येऊन पडला. रात्री आठला ल्युक आणि त्याची माणसं स्टोरेजला पोचली, ऑफिसवाल्यांनी उघडून दाखवलं तर खोली रिकामी. स्टोरेजच्या कॅमेऱ्यात देवयानी खोके नेताना दिसली. माझा फोन लागेना, म्हणून त्याने पोलिसांत तक्रार दिली. आज सकाळी दहाला देवयानीला इथे बोलावलं. खोक्यांबाबत तिने काही लपवलं नाही, मी सांगितलं म्हणून नेले आणि कुठे ठेवले तेही सांगितलं आणि स्वतःचा फोन दाखवला. तुमच्या कॉन्स्टेबलसाहेबांनी माझ्यासमोर कबूल केलं की त्यांनी तो मेसेज फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला विचारला. ॲपने सांगितलं की सगळा माल चोरला आहे आणि मॉन्ट्रियलच्या लोकांना राहायला घर नाही.

माझं म्हणणं असं की आमच्या भाषेत माणूस ताट उचलतो, लेकरू उचलतो, पायरीवरचा बर्फ उचलतो. फोनही उचलतो. आता मी फोन उचलला तर मी फोन चोरला का? आणि पत्ता नाही म्हणजे कल्पना नाही. ल्युकचं घर आहे, मी पाहिलं आहे, त्याच्या आईने मला सूप वाढलं होतं. कॉन्स्टेबलसाहेब वयाने लहान आहेत, आज युद्धात गेलेल्या सैनिकांचा दिवस, छातीवर लाल पॉपीचं फूल लावून त्याचा मान राखून आहेत, माणूस वाईट दिसत नाही. पण भाषांतर माणसाकडून करून घ्यावं. उमाताई इथून दहा मिनिटांवर राहतात.

आज ५ वाजून ५० मिनिटांनी मी फोन चालू केला. एकतीस मिस्ड कॉल. पहिले सगळे ल्युकचे, मग केटल रोडच्या पोरांचे. देवयानीचा एकही नव्हता. बोअझने गाडी काढली आणि सात वाजायच्या आत इथे आणून सोडलं.

मी देवयानीला विचारलं, तुला बोअझचं घर माहीत आहे, दोनदा जेवून गेली आहेस, पत्ता का दिला नाहीस? ती म्हणाली, "शनिवारी तुमच्या दारात पोलीस कसे पाठवू, मावशी? संध्याकाळपर्यंत तर बसायचं होतं." नऊ तास बसली आहे ही मुलगी. समोर पीआर टांगलेलं असताना. मला कळलं असतं तर मी शब्बाथ बाजूला ठेवून आले असते, देवाने मला समजून घेतलं असतं. हे तिला मी आजवर कधी सांगितलं नव्हतं, ते आज सांगितलं. मला रडू आलं, उमाताईंनी पाणी दिलं. हेही लिहिलं तरी चालेल.

बाहेर थांबलेल्या ल्युकला आत बोलावून वरील हकीकत इंग्रजीत ऐकवली. मी त्याची माफी मागितली, कारण किल्ली माझ्याकडे ठेवून त्याने विश्वास टाकला होता आणि मी त्याला अंधारात ठेवलं. त्याने विचारलं, तबकड्या भिजल्या का? देवयानी म्हणाली, "एकही नाही. खालच्या चार खोक्यांना बाहेरून ओल आली होती, त्यातल्या सगळ्या काढून मी पलंगावर उभ्या लावून ठेवल्या आहेत. झोपले जमिनीवर." तेव्हा ल्युक खुर्चीवरून उठला आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला, ते उमाताईंना येत नाही, मलाही नाही. मग इंग्रजीत म्हणाला की माझी तक्रार मागे घेतो, आणि उद्या शेवटच्या गाण्यात बॅगपाइपआधी हिचं व्हायोलिन सुरू होईल. ऑगस्टपासून, आधी बॅगपाइपच वाजणार, यावर तो हटून बसला होता. देवयानी म्हणाली, "आधी नको, बरोबर सुरू करू." त्यावर दोघं इथेच हुज्जत घालू लागले आणि साहेबांना त्यांना गप्प करावं लागलं.

साहेबांनी तोंडी सांगितलं की कुणावर आरोप नाही, प्रकरण मिटलं. मी म्हटलं, तोंडी नको, कागदावर द्या, खाली सही आणि तारीख. ते म्हणाले तशी पद्धत नाही. मी म्हटलं, मग मी बसते. मला घाई नाही, माझा शब्बाथ संपला आहे. थोड्या वेळाने मोठ्या साहेबांनी स्वतः येऊन एक पत्र टाइप करून दिलं. त्यात लिहिलं आहे की देवयानी शिरोडकर हिने कोणताही गुन्हा केलेला नाही, तिने परवानगीने सामान सुरक्षित जागी हलवले. उमाताईंनी ते मला दोनदा वाचून दाखवलं.

हा जबाब उमाताईंनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, माझ्या चुकीसकट. ते पत्र देवयानीने घडी घालून आपल्या पासपोर्टमध्ये ठेवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मगच खाली सही करते.

सिबिल सॅम्युअल नवगावकर