दुसऱ्या खेपेचं रक्त

— बस की, मीनाक्षीबाय, उभ्यानं काय सांगतेस. लॅब सोडून लालबागच्या चाळीत आलीस, तेही माझ्यासाठी. — काय म्हणालीस? पहिल्या खेपेला माझं रक्त चांगलं होतं आणि दुसऱ्या खेपेचं वाईट? मग तुमच्या त्या अँटिबॉडीत खोट असेल. — नाही? हां, तू मागं सांगितलं होतंस. पूर्वी ती अँटिबॉडी उंदराच्या पेशींकडून करून घ्यायचे, त्या पेशी हळूहळू बिघडायच्या. आता नुसता तिचा लिहून ठेवलेला नमुना दुसऱ्या पेशींत घालायचा, की दर खेपेला माल तोच. आमच्या गिरणीतल्या जॅकार्डच्या मागासारखं — भोकांचं कार्ड तेच, तर कापडावर नक्षी तीच. आणि पांढऱ्या पेशीच्या अंगावर ठरावीक खूण दिसली की त्या अँटिबॉडीनं तिलाच चिकटायचं, चमकायचं. संपात गेटवर आमची माणसं उभी असायची तशी, आत कोण घुसतोय ते ओळखायला. ती माणसं चुकायची मात्र. माझ्या मेव्हण्याला चोपला — तो बिचारा दूध टाकायला आलेला.

तर खोट नाही म्हणतेस. नवी बाटली उघडून तेच रक्त पुन्हा तपासलंत, तरी एकाच जातीच्या बिघडलेल्या पेशींची गर्दी. आणि मोठे डॉक्टर म्हणाले, आजच इस्पितळात आणा. — अगं, तोंड कशाला पाडतेस? मला काही झालेलं नाही. ते रक्त माझं नव्हतंच. — म्हणजे काय? म्हणजे बदली. दुसऱ्या खेपेच्या दिवशी माझ्या बायकोच्या, मालनच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, मी कसा येणार? मिलमध्ये माणूस घरी राहिला की त्याच्या जागी बदलीवाला उभा राहायचा, साचा बंद पडता कामा नये. मग तुमचं काम का खोळंबवायचं? समोरच्या खोलीतल्या शिवाला धाडला. माझ्याच वयाचा, माझ्याच खात्यातला, कापसाची धूळही तीच खाल्लेली. म्हटलं, तुम्हाला म्हाताऱ्या गिरणीवाल्याचं रक्त हवंय ना, हा काय वेगळा? माझंच नाव सांगितलं त्यानं, रक्त घेणारी तुमची पोरगी नवीन होती, तिनं मानलं. — डोक्याला हात नको लावूस, बाय. शिवा भरवशाचा बदलीवाला. कायम व्हायचा होता, तेवढ्यात संप आला, जन्मभर बदलीच राहिला. त्या दिवशी किती खूश होऊन आला — धोंड्या, म्हणे, पुन्हा तुझ्या जागी उभा राहिलो. तुम्ही दिलेलं बिस्कीट मालनला आणून दिलं.

तेव्हा मी ठणठणीत. माझं रक्त चांगलं, तूच म्हणालीस. आणि दुसऱ्या खेपेचं —

दुसऱ्या खेपेचं —

शिवा हल्ली दुपारचा झोपून असतो. जिना चढला की बसतो. मी म्हणतो, आळशी झालास.

— नको, तू त्याच्या खोलीत जाऊ नकोस. तुला बघून घाबरेल. मी सांगतो. तू खाली जा, टॅक्सी बघ. मी त्याला धुतलेला सदरा घालायला लावतो. विचारेल, आज कुणाच्या जागी?

जा, बाय. तू जा.