पाण्याखालचा टेलिफोन

नेव्हीत मी कधी भेलो का, असं विचारता ना, तर सांगतो.

माहं जहाज पाणबुड्यायच्या सेवेले होतं. त्यायले डिझेल, जेवण, बॅटरीले करंट, सारं आमी पुरवत होतो. जहाज म्हातारं झालतं, सेवेतलं शेवटचं साल होतं. बिनतारेच्या, पाण्यातूनच आवाज नेणाऱ्या पाण्याखालच्या टेलिफोनवर ड्युटी माही, आन् खाली पाणबुडीत त्याच कामावर आपला मुकुटबनचा सुधाकर.

एक दिवस पाणबुडी खाली गेली आन् ठरल्या टाइमाले तिचा आवाजच आला नाही. मी हाका मारून राह्यलो. साहेब मांगं उभे. "पुन्हा बोलव," एवढंच म्हणत. अर्धा घंटा झाला, मी हाका मारतच होतो. शेवटी साहेबानं आमच्या जहाजाचं इंजन बंद कराले लावलं. मंग बारीक आवाज आला.

"रफीक, मले तुहं सारं ऐकू येऊन राह्यलं. तुले माहं काहून नाही येत?"

सुधाकर रडून राह्यलता. आमच्याच इंजनाच्या खडखडाटात त्याचा आवाज दबलता.

पुढं सुट्टीत मी सुधाकरसंगं त्याच्या घरी गेलतो. वसरीत न विकलेला कापूस पडून होता. त्याच्या बाबानं मले विचारलं, "काम कसं आहे बापू?"

"आरामाचं," मी म्हणलो.

"मंग आमच्या धाकट्या पोरालेबी तिथंच लावून द्या. कापसात काही राह्यलं नाही."

सुधाकर पहिल्यांदाच बापाले नाही म्हणला. काहून, ते मात्र त्याले सांगता आलं नाही.