शनिवारचं तेल

आदरणीय अध्यक्ष हरिहरपंत, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती डॉक्टर प्रभाकर टिपणीस, सौभाग्यवती शुभदाबाई, आणि चहाच्या आशेने का होईना, पण वेळेवर आलेल्या डोंबिवलीकर बंधुभगिनींनो,

डॉक्टरांनी गावाला काय दिलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. गोवर, हिवताप, बाळंतपणं, काही सुटलं नाही. मी पडलो वाचनालयाचा चिटणीस. माझ्या वाट्याला त्यांची मोटार उरली आहे.

इंजिनातलं तेल कधी बदलावं? मोटारीबरोबर आलेलं पुस्तक म्हणतं, हजार मैलांनी. आपले डॉक्टर बदलतात दर शनिवारी. मोटार आठवडाभर हलली नसली, तरी शनिवारी सकाळी डॉक्टर तिच्याखाली. काढलेलं तेल आपण डबे भरभरून नेलं, बैलगाड्यांच्या आसांना घातलं. आता आपल्या गावात गाडी पाठीशी आली तरी चाहूल लागत नाही. पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं.

एकदा मी म्हणालो, "डॉक्टर, हे तर मधासारखं स्वच्छ आहे." त्यांनी बोट उजेडात धरलं. "काळं आहे हो. नीट बघा." मी नीट बघितलं. मधासारखंच होतं.

शुभदाबाई, आज एवढं बोलू द्या.

एकोणपन्नास सालची गोष्ट. तेल काळं पडलं होतं, खालीही गेलं होतं. डॉक्टर डबा आणायला दुकानात गेले, तो वार नेमका शनिवार. शनिवारी घरात तेल आणू नये, हे आपण सगळे जाणतो. दगडूशेठ म्हणाले, "आज नको डॉक्टर, सोमवारी न्या." डॉक्टर हसले. विलायती पुस्तकं वाचलेला माणूस. मोटारीच्या तेलात का कोणी पुऱ्या तळतं? तरी रिकाम्या हातांनी परतले. तुमच्यातलं कोण डबा घेऊन आलं असतं? हात वर करू नका. मीही करत नाही.

रविवारी दुपारी आयरे गावच्या राघोची बायको तुळसा अडली. मूल आडवं, ठाण्याच्या इस्पितळात न्यायलाच हवं. डॉक्टरांनी तिला मागच्या सीटवर निजवलं. शीळफाट्यावर इंजिन जाम झालं. बैलगाडी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. तुळसा आणि तिचं बाळ फाट्याच्या पुढे गेलीच नाहीत.

इंजिन नवं बसलं. पण मागच्या सीटवर कोणी बसलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

आता डॉक्टरांना मुलाकडे इंदूरला जायचंय, आणि मोटार त्यांना सोडेना. घेणाऱ्याने दर शनिवारी तेल बदलावं, एवढीच अट. वचन द्यायला दोघंतिघं आले. आपल्याकडे वचनांना काय तोटा? डॉक्टरांचा विश्वास बसेना. दोनदा बांधलेलं सामान त्यांनी पुन्हा सोडलं.

आज सकाळी मी हाराचं विचारायला गेलो. आजही शनिवारच. डॉक्टर मोटारीखाली, आणि अंगणात राघो, हल्ली लॉरी चालवतो तो. त्याने मागचं दार उघडलं आणि तुळसा निजली होती तिथे जाऊन बसला.

"डाक्तर, गाडी मना द्या."

खालून आवाज आला, "दर शनिवारी तेल बदलशील?"

"नाय. हजार मैलांनी. बुकात लिवलाय तसा."

खालून तेलाचा डबा बाहेर सरकला. मग, "आणि हजारावा मैल शनिवारी आला तर?"

"तर शनवारी. तवा कोनाचा आयकनार नाय."

डॉक्टर बाहेर आले. "राघो, मला माफ..."

"ती मागू नका. माफी मी नाय देनार. गाडी द्या."

डॉक्टरांनी किल्ली दिली. मंडळी, आपण सगळ्यांनी आठ वर्षं त्यांना माफ करून करून जेरीस आणलं होतं.

या समारंभानंतर राघोच त्यांना पोचवणार आहे. तो पुढे, डॉक्टर आणि शुभदाबाई मागे, असं त्यानेच सांगितलंय. आगगाडी ठाण्याला धरायची आहे. कल्याण इतकं जवळ असताना ठाणं कशाला, हे मी विचारलं नाही. वाट शीळफाट्यावरून जाते.

आपण शांतपणे ऐकलंत, अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, दोघांचेही आभार. माझा एखादा शब्द खुपला असेल, तर तो माझ्या पदरी घाला, डॉक्टरांच्या नको. शाल देताना त्यांच्या बोटांकडे पाहू नये. आणि एक विनंती: मोटार निघेल तेव्हा टाळ्या वाजवू नयेत. इंजिन चालू असल्याचं डॉक्टरांना ऐकू येत राहायला हवं.