सूज मला, घोरणं तिला

नाही, पण तुम्हीच सांगा, आमच्या विभागात संशोधन सहायक दोघं, मी आणि ती, मंजुरी मिळणार एकाच प्रकल्पाला, आणि ती दर वेळी तिलाच का मिळावी? मी जळतो का? छे! मी फक्त विचारतोय!

तिला सगळे टॉपर म्हणतात. का, तर कॉलेजात पहिली यायची. अहो, कॉलेज कधीच संपलं! मी दुसरा यायचो, मला कोणी हाक मारतं का, "ए दुसऱ्या, इकडे ये" म्हणून?

तुम्हाला सांगतो, आमचा विभाग झोपेचा. म्हणजे आम्ही झोपत नाही, लोकांची झोप तपासतो. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो, घोरता घोरता श्वासच थांबतो, मग दचकून श्वास घेतात, परत घोरतात, परत थांबतात... त्याला म्हणतात स्लीप अ‍ॅप्निया. अशी माणसं सकाळी थकलेलीच उठतात आणि दिवसभर बसल्या जागी पेंगतात. आता आमचे बाबा बस चालवतात. आणि बाबा पेंगतात! अहो, घास हातात असताना पेंगतात! मी म्हणतो, "बाबा, एकदा तपासून घ्या." बाबा म्हणतात, "घोरतो म्हणजे गाढ झोपतो. तू मला झोपायला शिकवू नकोस." आणि आई? "त्यांच्याकडे सगळेच घोरतात," असं सांगते, जसा काही खानदानी दागिनाच!

बरं, तपासायचं तरी कसं? खोली एक, पलंग एक, डोक्याला वायरी, छातीला पट्टे, आणि नंबर लागेपर्यंत माणूस विसरतो आपण नंबर लावला होता. तोवर बस चालूच की हो! म्हणून मला सुचलं. श्वास असा रोज अडकला की शरीरात आतल्या आत सूज धुमसत राहते, आणि तिच्या खुणा रक्तात उतरतात. सीआरपी नावाचं एक प्रथिन वाढतं. मग रक्तच तपासा ना! डेपोत जायचं, ड्रायव्हरांचं रक्त घ्यायचं, ज्याचं सीआरपी वाढलेलं त्याला पलंग आधी! क्रांती हो, क्रांती!

टॉपर काय म्हणाली? मान अशी तिरकी करून, "कल्पना छान आहे रे. पण सीआरपी सर्दीनेही वाढतं, दाढ सुजली तरी वाढतं." छान आहे रे! तो 'रे' ऐकलात? आणि हिचा प्रकल्प काय, तर बोटाला लावायचं, रात्रभर रक्तातला प्राणवायू मोजणारं चिमट्याएवढं यंत्र ड्रायव्हरांना घरी झोपताना लावायला द्यायचं. लगेच आमचे विभागप्रमुख, मोठे सर, "वा! वा!" मी जळतो का? छे! पण दोनदा 'वा'?

आता आमच्या मोठ्या सरांचा एक नियम आहे. दुसऱ्याला टोचायचं, तर आधी स्वतःला टोचून घ्यायचं. म्हणजे दोघांनीही रक्त द्यायचं आणि दोघांनीही त्या पलंगावर वायरी लावून झोपायचं. निरोगी माणसाचा नमुना म्हणून! मी बाही वर करून पहिला उभा.

रक्ताचा निकाल आला. तिचं सीआरपी अगदी स्वच्छ. आणि माझं... वाढलेलं. चांगलंच वाढलेलं.

"दाढ दुखते का रे तुझी?" टॉपर म्हणाली.

"अजिबात नाही!" मी म्हटलं. गाल धरून.

कारण माझी अडचण बघा. दाढ दुखते म्हटलं तर ती खरी. माझी चाचणी खरी ठरायची तर मला रोग हवा! मग काय, त्या दिवशी तडस लागेपर्यंत जेवलो, सरळ उताणा झोपलो, उताणं झोपलं की घोरणं वाढतं म्हणून, आणि डोळे मिटून म्हटलं, देवा, आयुष्यात काही मागितलं नाही, आज फक्त घोरू दे!

सकाळी तंत्रज्ञ आलेख घेऊन आला. एकही श्वास अडकलेला नाही. घोरणं नाही. म्हणतो कसा, "काय झोपलात हो! इतका सुंदर आलेख मी फक्त पुस्तकात पाहिलाय. विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवून घेऊ?"

मग टॉपरची पाळी. बारीक अंगाची, वय माझ्याएवढंच, रक्त स्वच्छ... आणि आलेखात श्वास थांबतोय, सुरू होतोय, परत थांबतोय! अहो, रोग! मी हात जोडून मागितलेला रोग! तोसुद्धा तिलाच!

मोठे सर तर खुर्चीतून उठलेच. "बघा! रक्त निरोगी आणि झोप आजारी! रक्तावर विसंबलो असतो तर ही सुटलीच असती!" मंजुरी कोणाला मिळाली ते विचारू नका. ती मात्र आलेखाकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मला वाटायचं, सगळेच असे थकून उठतात." क्षणभर मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मग तिने मला प्रकल्पात सोबत घेतलं आणि ते वाईट वाटणं तिथेच संपलं.

कारण यंत्र घेऊन ती पहिली गेली कुठे? आमच्या घरी! "काका, मलाही आहे हे," एवढंच म्हणाली. आणि बाबांनी, ज्या बाबांनी माझं वर्षभर ऐकलं नाही त्या बाबांनी, निमूट बोट पुढे केलं! निघाला ना अ‍ॅप्निया! आता घसा उघडा राहावा म्हणून हवा सोडणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपतात, उपचार लागू पडेपर्यंत बसऐवजी डेपोच्या खिडकीत बसतात, घास थेट तोंडात जातो. बाबा वाचले, मला आनंद आहे, खूप आनंद आहे. पण आई म्हणते, "त्या मुलीमुळे!" मी जळतो का? छे! मी दाढ काढून घेतली, सीआरपी उतरलं, विषय संपला.

पण एक गोष्ट काल माझ्या लक्षात आली, आणि तेव्हापासून मला घाम फुटलाय. आता टॉपरही मास्क लावून झोपते. म्हणजे बघा, कॉलेजात पहिली आली, सरांचे दोन-दोन 'वा' मिळवले, मला हरवलं, हे सगळं बाई अर्धवट झोपेत करत होती...

आत्ता कुठे जागी झालीय हो ती!