बाळकुमची दुसरी खूण

रघू पाटलाच्या पत्राला त्र्यंबकरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. त्रेपन्न साली बाळकुमला सळया ठोकून, खडकातून वीज सोडून, जिथे ती जास्त वाहिली तिथे त्यांनी विहिरींसाठी पाण्याच्या दोन खुणा केल्या. पहिलीला खारं पाणी लागलं. खाऱ्या पाण्यातून वीज जास्तच वाहते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘दुसरी खणू का?’ रघूने पत्रात विचारलं होतं.

आज पोस्टाच्या रांगेत तो त्यांच्या पुढेच, पाठमोरा उभा होता, आवडाआत्याशी बोलत.

“साहेबाचा जबाब आला का रं?”

“नाय गो आते.”

“मग मीठ पिकव विहिरीत!”

“हसू नको. आपलाच नशीब खारा.”

“आन् त्याचा यंत्र?”

“यंत्र खोटा नाय बोलत. साहेब मोठा शिकलेला. पुढल्या हप्त्यात दुसरी खणतो.”

त्र्यंबकरावांनी खिशातल्या कोऱ्या कार्डावर लिहिलं, ‘खणू नका. चूक माझी.’ रघू हाताच्या अंतरावर होता. मान खाली घालून त्यांनी कार्ड टपालपेटीत टाकलं.