कागद मी धरला, शिक्का तिचा

आधी मला हे सांगा, माझ्या नातीची चाकांची खुर्ची मागच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाजवळ कुणी नेऊन ठेवली? "तिथे तिला मोकळं वाटेल" म्हणे. तिला विचारलंत? आणा तिला पुढे. तो सोफा सरकवा जरा. सोफ्यावरच्या पाहुण्यांना पाय आहेत, उठतील क्षणभर. हां, तिथेच. आणि चाकाला अडकण लावा, नाहीतर घरंगळत त्याच पाहुण्यांच्या पायावर जाईल.

आता नमस्कार. सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले पाहुणे, निवडणूक कचेरीतून आलेले नवे साहेब, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या मुख्याध्यापिका बाई, शाळेतले शिक्षक-शिपाई, आणि भाषणं कधी संपतात याची वाट बघणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी गाद्या शिवते. शाळा तिसरीत सुटली, तीही या शाळेतली नव्हे. भाषणाला मला बाईंनीच उभं केलं. म्हणाल्या, "कौतुक करणारे पुष्कळ आहेत, तुम्ही मतदार म्हणून बोला." माझ्याआधी चौघे बोलले. कुणी बाईंना दिवा म्हणालं, कुणी सावली देणारा वृक्ष. बाईंचं पार झाड करून टाकलंत की! मला तर बाई खुर्चीवर बसलेल्याच आठवतात, समोर मतदारांची रांग आणि कपाळाला आठ्या.

आपल्या भागाचं मतदान याच शाळेत होतं, तेही अजून कागदावर शिक्का मारून, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता ही माझी नात. जन्मापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत. बोलणं अडखळत येतं, शब्दाला शब्द जोडायला वेळ लागतो. पण डोकं शाबूत आहे आणि जीभ आमच्या घराण्याची आहे, म्हणून घरात तिला 'वकीलीण' म्हणतात. पहिल्यांदा तिचं मत आलं तेव्हा केंद्रावर दुसरेच कुणी अधिकारी होते. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, टेम्पो चालवतो. त्याने खुर्ची आत ढकलली, अधिकाऱ्यांनी त्यालाच विचारलं, "हिचं तुम्हीच देणार ना?" हा म्हणाला, "हो." आपला शिक्का मारला, तिचाही मारला, बाहेर येऊन म्हणतो, "चला, दोघांचं काम उरकलं!" जसा काही दोन पोती उतरवून आला.

घरी आल्यावर पोरगी जेवेना. मी म्हटलं, "काय गं, पोटात दुखतंय?" बऱ्याच वेळाने म्हणाली, "आजी, बाबांनी, दोनदा, मत दिलं." खरंच होतं ते.

पुढच्या निवडणुकीला केंद्रावर अधिकारी म्हणून या बाई होत्या. आम्ही तिघं गेलो. बाजूला पक्षांची माणसं बसलेली. त्यातला एक जाडा म्हणतो, "बाई, माझी हरकत आहे. हिला काय कळतंय? बाप सांगेल तिथे मत जाणार." आता तो बापाच्या पक्षाचा नव्हता, हे सांगायला नकोच.

बाईंनी नातीकडे पाहिलं. "नाव काय तुझं?"

माझ्या मुलाने लगेच नाव सांगितलं.

"तुम्हाला विचारलं नाही."

"अहो, पण तिला वेळ लागतो—"

"लागू दे. शाळा माझीच आहे."

मागे रांग खोळंबली. एक गृहस्थ छत्री आपटत म्हणाले, "आम्ही काय इथे मुक्काम करायचा का?" बाईंनी ढुंकून पाहिलं नाही. पोरीने आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं सांगितलं. घामाघूम झाली, पण सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "मदतीला कोण हवं? तुला हवं ते माणूस." ती म्हणाली, "आजी." मुलाचं तोंड एवढंसं झालं. झालं तर झालं.

आत गेलो. मत द्यायचं टेबल नेहमी उंच असतं, खुर्चीतल्या माणसाची हनुवटी टेकेल एवढं. त्या दिवशी तिथे बालवर्गातलं बुटकं टेबल होतं. बाईंनी सकाळीच आणून ठेवलेलं. कुणी मागितलं नव्हतं. पोरीने शिक्का दोन्ही मुठींत धरला. मला म्हणाली, "कागद धर. डोळे मीट." माझ्याच नातीचा मला हुकूम! पण मिटले. शिक्का आपटल्याचा आवाज आला, मग ती म्हणाली, "बिघडला." हात घसरून शिक्का दोन चौकोनांच्या मधोमध बसला होता.

मी बाहेर येऊन दुसरा कागद मागितला. छत्रीवाले म्हणाले, "झालं! म्हणूनच म्हणत होतो, घरच्यांनीच द्यावं." बाई म्हणाल्या, "बिघडलेला कागद बदलून देतात, असा नियम आहे. आणि काका, मतमोजणीला या कधीतरी. धडधाकट माणसं कागदाची काय दशा करतात ते दाखवते." दुसरा कागद घेतला, मी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा आवाज आला. या वेळी ती हसली.

तिने मत कुणाला दिलं, मला आजतागायत ठाऊक नाही. तिच्या बापाने खोदून खोदून विचारलं, खाऊचं आमिष दाखवलं. ती म्हणते, "गुप्त असतं."

बाईंनी आमच्यावर उपकार केले, असं मी म्हणणार नाही. बाईंनाही ते आवडणार नाही. त्यांनी आपली नोकरी केली. पण नोकरी करणारी माणसं फार भेटत नाहीत हो, म्हणून हा हार.

आता बाई चालल्या आणि नवे साहेब आले. मघाशी त्यांनी आनंदाची बातमी दिली: यापुढे अशा मतदारांना केंद्रावर यायची गरज नाही, मतपेटीच त्यांच्या घरी जाईल. टाळ्या झाल्या. साहेब, जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांना पेटी जरूर न्या, दुवा देतील. पण आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. पेटी आली की बाप उशाशी, आई पायाशी, दारात शेजारीण, खिडकीत तिची पोरं. कुणाकुणाला डोळे मिटायला सांगायचं पोरीने? आणि या घरी मत देणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घातलंत ते कसं? माझ्या मुलाला फोन करून. तोही "हो हो, बरं होईल" म्हणून मोकळा. म्हणजे पुन्हा त्याचंच उत्तर धरलंत ना?

बाई, तुम्ही त्या दिवशी थांबलात, त्याबद्दल आमच्या घराकडून तुमचे आभार. निवृत्तीत सुखाने राहा आणि कधीतरी त्या आठ्या उतरवा. माझं बोलणं कुणाला टोचलं असेल तर सुईचा धंदा आहे, एवढं समजून पोटात घाला.

आता साहेब, तुम्ही खाली या. माइक घेऊन या. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसा आणि तिला विचारा: मत घरी देणार, की केंद्रावर? उत्तर ती देईल. तिच्या बापाने तोंड उघडायचं नाही, मी उघडणार नाही, बाई, तुम्हीसुद्धा नाही. वेळ लागेल. सगळ्यांनी बसून राहायचं.

विचारा.