फक्त त्या देशापुरतं

सुमेधा: म्हणजे नार्गिझाचं चॅनेल तूच बंद केलंस?

केदार: बंद नाही, तिच्या देशात ब्लॉक. फक्त त्या देशापुरतं. बाकी जगात चालू आहे. तिथल्या सरकारची रिक्वेस्ट आली होती, कोर्टाची ऑर्डर अटॅच होती, प्रीव्ह्यूत शिक्का दिसत होता.

सुमेधा: वाचलीस?

केदार: रशियनमध्ये होती, सुमेधा. लिस्टमध्येच ट्रान्सलेशन टूलचं लेबल होतं, 'अतिरेकी मजकूर'. आमच्या कंपनीत हे रोजचं आहे.

सुमेधा: अतिरेकी? आपल्या खालच्या मजल्यावर, क्लोझेटमध्ये आवाज घुमू नये म्हणून रजया टांगून बातम्या वाचते ती बाई?

केदार: चॅनेलवर तिचं नाव नाहीये. मला कसं कळणार?

सुमेधा: उघडून बघितलं असतंस तर चेहरा दिसला असता. माझ्या ऑपरेशनच्या वेळी आपल्या अनिकाला चार दिवस सांभाळलं तिनं. तो चेहरा तरी ओळखला असतास ना?

केदार: काल ऑन-कॉल टीममधल्या यशचा होता. त्याचे आईबाबा लँड होणार, म्हणून मी स्वॅप केला. आणि मंडळाच्या पॉटलकला वडे तळायला माझं नाव तूच दिलंस. फोन सारखा वाजत होता. अकरा रिक्वेस्ट्स, चार तासांत क्लोज करायच्या. सिलेक्ट ऑल केलं आणि अप्रूव्ह दाबलं.

सुमेधा: बेसनाच्या हातानं.

केदार: टोमणे मारून झाले की सांग.

सुमेधा: टोमणा नाही रे. मी आत्ता तिच्याकडूनच येतेय. तिकडे मतदान सुरू झाल्या झाल्या तिचा कॅमेरावाला रुस्लान केंद्राच्या खिडकीशी लाइव्ह उभा होता. आत मतपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे पेटीत टाकत होते, ते दाखवत होता. पोलीस शेजारीच होते, पण हात लावत नव्हते. सगळं शहर फोनवर बघत होतं ना! तिथे चॅनेल काळं झालं आणि सात मिनिटांत त्याला फरफटत गाडीत घातलं.

केदार: तिला कसं कळलं?

सुमेधा: बाकी जगात चालू होतं ना तुझं? इथे बसून बघितलं तिनं सगळं.

केदार: ओ गॉड.

सुमेधा: तिथले सगळे टीव्ही राष्ट्राध्यक्षांच्या जावयाचे. तिच्या पेपरला कुलूप घातलं, म्हणून ती इकडे आली. म्हणते, सोव्हिएत युनियन गेलं, पण काय छापायचं ते ठरवणारी माणसं खुर्चीवरून उठलीच नाहीत. हे एक चॅनेल त्यांच्या हाताला लागत नव्हतं. तू सनीव्हेलमधून घरपोच दिलंस.

केदार: मी नसतं केलं तर दुसऱ्या कोणी केलं असतं.

सुमेधा: त्यानं कदाचित वाचलं असतं. जाऊ दे. आता उघड ते. येतं ना उघडता?

केदार: येतं. री-रिव्ह्यू टाकायचा. 'चुकून अप्रूव्ह केलं' असं लिहायचं, माझ्या नावानं.

सुमेधा: मग टाक. अजून मोजणी चालू आहे. तिथल्या लोकांना दिसायला लागलं तर रुस्लानला निदान जिवंत ठेवतील, म्हणते ती. मी सांगून आलेय तिला, केदार त्याच कंपनीत आहे, तो बघेल.

केदार: सांगून आलीस?

सुमेधा: हो. हात घट्ट धरले रे तिनं माझे.

केदार: लॉग काढतील. अकरा ऑर्डर्स, एकही फाइल ओपन केलेली नाही. मार्चमध्ये आमच्यातले नऊ जण काढले, आणि ते नीट काम करणारे होते. मला काढलं की साठ दिवस. तेवढ्यात नोकरी मिळाली तर मिळाली, नाहीतर गाशा गुंडाळायचा. तुझं वर्क परमिट माझ्या व्हिसावर. अनिका आत्ता कुठे पूर्ण वाक्य बोलायला लागलीय, तिची थेरपी माझ्या इन्शुरन्सवर.

सुमेधा: हे मला नको सांगूस.

केदार: मग कोणाला सांगू? हे बघ, फॉर्म भरलाय. फक्त सबमिट राहिलंय. तू म्हण, मी दाबतो.

सुमेधा: माझ्यावर ढकलू नकोस, केदार.

केदार: ढकलत नाहीये, विचारतोय. दाबू?

सुमेधा: थांब ना जरा.

केदार: आत्ता तर तूच म्हणालीस, टाक.

सुमेधा: थांब म्हटलं ना! फोन येतोय. तिचाच आहे.

केदार: घे. काय सांगायचं ते तूच सांग.

सुमेधा (फोनवर): हाय, नार्गिझा... नो, नो. केदार इज नॉट होम येट.